काचेच्या पेटीतील भांडण

काचेच्या पेटीत पोहणारे रंगीत मासे तुम्ही पाहिले असतील. डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा एखाद्या मित्राच्या घरी अशी पेटी असते. तिच्यासमोर उभे राहिले की मन शांत होते. पण जरा जास्त वेळ थांबून पाहा. एखादा मासा दुसऱ्याच्या मागे धावतो, त्याच्या शेपटीचा चावा घेतो आणि काही घडलेच नाही अशा थाटात परत आपल्या जागी येतो. पाण्यातही भांडणे होतात!

आमच्या शेजारी नववीत शिकणारा एक मुलगा राहतो. ईदीचे पैसे साठवून त्याने अशी पेटी आणली. ती दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच होती. अशा पेटीत सुमारे 56 लिटर पाणी मावते. वाळू आणि दगड घातले की त्याहून कमी. दुकानात जे मासे सुंदर दिसले, ते त्याने घेतले : चार गप्पी, अंगावर काळे पट्टे असलेले दोन टायगर बार्ब आणि एक एंजल. एंजल त्याचा सर्वांत लाडका. त्याचे लांब, नाजूक पर पाण्यात हलू लागले की मुलगा अभ्यास विसरून पाहत बसे.

आठ दिवसांत ते पर कात्रीने कातरल्यासारखे दिसू लागले. एंजल एका कोपऱ्यात उभा राही. त्याचा रंग फिका पडला आणि त्याने खाणे सोडले. मुलगा धावत माझ्याकडे आला.

"चाचा, मोठा बार्ब फार दुष्ट आहे. त्याला फेकून देऊ का?"

"आधी त्याला दोन दिवस वेगळ्या भांड्यात ठेव आणि काय होते ते पाहा," मी म्हणालो.

मोठा बार्ब बाहेर गेला. दुसऱ्याच दिवशी, आतापर्यंत गरीब वाटणारा लहान बार्ब एंजलचे पर कुरतडू लागला! आता दुष्ट कोणाला म्हणायचे?

मासे का भांडतात, हे आधी समजून घेऊ. बरेच मासे एखादी जागा आपली मानतात आणि तिची राखण करतात. त्या जागेला हद्द असते. हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे, तेव्हा तो वेगळा समजावून सांगायला नको. निको टिनबर्गेन नावाच्या शास्त्रज्ञांनी हॉलंडमधील लायडन शहरात स्टिकलबॅक या लहान माशाचा अभ्यास केला होता. विणीच्या दिवसांत या माशाच्या नराचे पोट लाल होते. तो घरटे बांधतो आणि दुसरा लाल पोटाचा नर दिसला की त्याच्यावर धावून जातो. टिनबर्गेन यांनी खालची बाजू लाल रंगवलेले ओबडधोबड तुकडे पाण्यात धरले, तरी नर त्यांच्यावर धावून गेले. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली, तेव्हा तर पेटीतले नर त्या गाडीशीच लढायला निघाले! टिनबर्गेन यांना 1973 मध्ये इतर दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

टायगर बार्बची गोष्ट थोडी निराळी आहे. हे मासे मूळचे सुमात्रा आणि बोर्निओ बेटांकडचे. ते थव्याने राहतात. थव्यात कोण वरचढ, कोण दुबळा, हे ठरवण्यासाठी ते सतत एकमेकांच्या मागे धावतात. सहा-आठ बार्ब एकत्र असले, तर ही धावपळ बहुतेक आपापसांतच होते आणि कोणा एकावर सारा मार बसत नाही. पण दोघेच असले आणि शेजारी संथ पोहणारा, लांब परांचा मासा असला, की त्याची धडगत नाही. खरे तर बार्बचा थवा मोठा असला तरी एंजल त्यांच्याजवळ ठेवूच नये.

काही मासे एखादा कोपरा बळकावतात आणि नव्या पाहुण्याला पोहूच देत नाहीत. अशा वेळी पेटीतील दगड आणि वनस्पती यांच्या जागा बदलाव्या. जुन्या खुणा गेल्या की जुनी हद्दही जाते आणि सर्वांना नव्याने जागा शोधावी लागते. नवा मासा सोडताना दिवा बंद ठेवावा. फुटक्या कुंडीचा तुकडा किंवा उकळून घेतलेली नारळाची करवंटी ठेवली, तर दुबळ्या माशाला लपायला आडोसा मिळतो. खाणे पेटीच्या दोन्ही टोकांना टाकावे. नाहीतर दांडगा मासा एकटाच सगळे फस्त करतो. फायटर माशांपुढे मात्र हे उपाय चालत नाहीत. दोन नर फायटर एका पेटीत ठेवायचेच नाहीत. हा मासा आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावरही पर फुलवून चालून जातो.

कोणताही उपाय चालला नाही, तर मासा दुसऱ्याला द्यावा किंवा दुकानदाराला परत करावा. नदीत, तलावात किंवा विहिरीत तो कधीही सोडू नये. पेटीत पाळले जाणारे सकर मासे सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयात पसरले आणि मच्छीमारांना त्यांचा फार त्रास झाला.

आमच्या शेजाऱ्यापुढे दोनच वाटा होत्या. आणखी बार्ब आणून एंजल देऊन टाकायचा, किंवा एंजल ठेवून बार्ब द्यायचे. त्याने दोन दिवस विचार केला. त्याच्या एका मित्राकडे चार फुटांची पेटी आणि आठ बार्ब होते. दोन्ही बार्ब तिकडे गेले. जाताना मुलगा मला म्हणाला, "चाचा, चूक त्यांची नव्हती. दुकानात मीच विचारायला हवे होते."

त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी पेटीतील पाव हिस्सा पाणी बदलू लागला. नळाचे पाणी तो एक दिवस बादलीत भरून ठेवी, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जाई. एंजलच्या परांची मुळे शाबूत होती, त्यामुळे काही आठवड्यांत पर पुन्हा वाढले. आता एंजल चांगलाच मोठा झाला आहे. गप्पींना पिल्ले झाली, तेव्हा तो त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. दुसऱ्या दिवशी पिल्ले मोजली, तर चार कमी भरली. मुलगा सध्या मोठ्या पेटीसाठी पैसे साठवत आहे.