टिपरीची लय आणि पावलांचा पल्ला

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शेजारशहरांत टिपऱ्यांचे दोन प्रकारचे नाच दिसतात, आणि दोहोंत लय, म्हणजे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतची गती, निरनिराळ्या रीतीने वागते. फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवण्यात आले व १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी समाजाचा छेज हा नाच चेटीचंडसारख्या, म्हणजे झुलेलाल जयंतीसारख्या, प्रसंगी ढोल-सनईवर होतो. त्याचा आरंभ विलंबित, म्हणजे संथ लयीत होतो आणि ढोलवाला ती चढवत द्रुत, म्हणजे जलद लयीपर्यंत नेतो. सर्वांची फेरी एकाच वर्तुळात चालत असल्यामुळे ही चढण सगळ्यांना एकदमच पेलता येते.

नवरात्रातील रांगांच्या दांडियात मात्र प्रत्येकाला समोरच्याशी टिपऱ्या जुळवून लगेच पुढच्या गड्यासमोर पोहोचायचे असते, त्यामुळे एकाची चूक साऱ्या रांगेत पसरते. आठ मात्रांचा केरवा, म्हणजे आठ समान ठोक्यांचे आवर्तन, मिनिटाला १२० मात्रांच्या गतीने ४ सेकंदांत पुरे होते, तर १६० च्या गतीने ३ सेकंदांत. हा गेलेला एक सेकंद ऐकणाऱ्याला जाणवतही नाही, पण साडी सावरत जागा बदलणाऱ्या स्त्रीला तो नेमका हवा असतो. अमेरिकेतील कॉन्ट्रा नाचातही समोरासमोरच्या रांगांतून जोड्या पुढे सरकतात, आणि तेथील वादक साधारणतः ११० ते १२० ठोक्यांच्या आसपास राहतात. १२० च्या गतीने ६४ ठोक्यांची धून ३२ सेकंदांत संपते, तोवर प्रत्येक जोडी नव्या जोडीसमोर आलेली असते.

रंग चढवण्यासाठी गती वाढवलीच पाहिजे असे नाही, हे जाणता ढोलकीवाला ओळखून असतो: तो दुगुण वाजवतो, म्हणजे मूळ मात्रा तितकीच ठेवून तिच्यात दुप्पट बोल भरतो, त्यामुळे कानांना वेग वाटतो आणि पावलांना वेळ उरतो. शिवाय रांग विस्कटलेली दिसली की तो हात आखडता घेऊ शकतो. ध्वनिमुद्रित गाण्यांच्या सलग मालिकेला रांग दिसत नाही. तेव्हा सोसायटीच्या अंगणात लहान मुले आणि आजीबाई एकाच रांगेत असतील, तर लय कमी करण्याचे काम ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यालाच करावे लागते.