सर्टिफिकेट न मागणारं ऑफिस : विद्यापीठातलं ‘डिसॅबिलिटी कल्चरल सेंटर’ नेमकं करतं काय?

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत अपंग विद्यार्थ्यांसाठी एक ऑफिस असतं. परीक्षेत जास्तीचा वेळ हवाय, लेक्चरच्या नोट्स हव्यात, साइन लँग्वेजचा दुभाषी हवाय, तर तिथं जायचं, डॉक्टरांचे कागद द्यायचे आणि सोय मंजूर करून घ्यायची. १९७३ चा पुनर्वसन कायदा आणि १९९० चा ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ यांमुळे विद्यापीठांना हे करावंच लागतं.

मग तिथल्या काही विद्यापीठांनी याच्या जोडीला आणखी एक केंद्र कशाला काढलं? तेही चक्क ‘सांस्कृतिक’? आणि ते चालवणाऱ्या माणसाचं काम म्हणजे तारेवरची कसरत का असते?

गोष्ट सुरू होते हॉस्पिटलच्या एका मजल्यावर

साल १९६२. एड रॉबर्ट्सला वयाच्या १४ व्या वर्षी पोलिओ झाला होता. मानेखालचं शरीर जवळपास लुळं पडलेलं. झोपताना श्वास चालू राहावा म्हणून ‘आयर्न लंग’ नावाचं अवजड मशीन लागायचं. त्यानं बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश तर मिळवला, पण हे मशीन ठेवता येईल असं हॉस्टेल सापडेना. शेवटी विद्यापीठाच्या कॉवेल हॉस्पिटलमध्येच त्याची राहायची सोय झाली.

पुढच्या काही वर्षांत तिथं आणखी अपंग विद्यार्थी राहायला आले. दिवसा वर्ग, रात्री गप्पा. प्रत्येक जण ज्याला आपलं वैयक्तिक दुर्दैव समजत होता, ते सगळ्यांचंच सारखं निघालं. या मंडळींनी स्वतःचं नाव ठेवलं ‘रोलिंग क्वाड्स’. १९७० मध्ये त्यांच्या रेट्यामुळं विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाला. व्हीलचेअर दुरुस्त करून देणं, मदतनीस शोधून देणं अशी कामं तिथं व्हायची. १९७२ मध्ये बर्कले शहरात ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं.

आणि एड? ‘हा कधी नोकरी करू शकणार नाही’ असं म्हणून राज्याच्या ज्या पुनर्वसन विभागानं त्याला आधी मदत नाकारली होती, त्याच विभागाचा तो १९७५ मध्ये संचालक झाला.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी माणसं एकत्र आली, मग मागण्या ठरल्या आणि त्यानंतर सोयी झाल्या.

मग हरवलं काय?

कायदे आले, ऑफिसं आली, पण ती एकत्र बसायची जागा मात्र गेली. आता विद्यार्थी एकेकटा जातो, कागद देतो, मंजुरी घेऊन परततो. माहिती गोपनीय ठेवावी लागते आणि ते योग्यही आहे. पण त्यामुळं शेजारच्या बाकावर बसणारी मुलगीही आपल्यासारख्याच अडचणीतून जातेय, हे कळायला मार्ग राहत नाही.

मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच असं केंद्र स्वतः चालवायला घेतलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात २००१ मध्ये विद्यार्थ्यांचा एक गट तयार झाला. नाव होतं ‘बियाँड कंप्लायन्स कोऑर्डिनेटिंग कमिटी’. कायदा पाळता म्हणजे उपकार करत नाही, त्यापुढचं बोला, असा त्या नावाचा सूर होता. त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि २०११ मध्ये विद्यापीठानं पगारी संचालक असलेलं केंद्र सुरू केलं. डायन वीनर त्याच्या पहिल्या संचालक. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात असं केंद्र २०१८ मध्ये आलं. गंमत म्हणजे एड रॉबर्ट्सच्या बर्कलेत त्यासाठी २०२० चं दशक उजाडावं लागलं.

संचालक दिवसभर करतात काय?

पहिलं काम दार उघडं ठेवण्याचं. इथं आत यायला सर्टिफिकेट लागत नाही. अनेकांचं अपंगत्व दिसत नाही, अनेकांचं निदानच झालेलं नसतं. मैत्रिणीबरोबर आलेल्यालाही कुणी हटकत नाही.

दुसरं काम कार्यक्रमांचं. सिरॅक्यूजच्या केंद्रानं ‘ऑरेंजॲबिलिटी’ नावानं अपंगांच्या खेळांचा मेळा भरवला. २०१३ मध्ये ‘क्रिपिंग द कॉमिक कॉन’ ही परिषद घेतली, कॉमिक्समध्ये अपंग माणसं कशी रंगवली जातात यावर. ‘क्रिप’ हा खरं तर शिवीसारखा वापरला जाणारा शब्द. चळवळीतल्या लोकांनी तो स्वतःच उचलला आणि मिरवला. स्वतःचे शब्द, स्वतःचे विनोद, स्वतःचा इतिहास, यालाच हे लोक संस्कृती म्हणतात.

तिसरं काम हिशेबाचं. सबटायटल, दुभाषी, डोळ्यांना त्रास न देणारे दिवे, व्हीलचेअर वळेल एवढी जागा. हे सगळं आधी ठरवावं लागतं आणि त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरावे लागतात. आयत्या वेळी दुभाषी मिळत नाही.

खरी अडचण : दोन डगरींवर पाय

संचालकांचा पगार विद्यापीठ देतं. आणि विद्यार्थ्यांची तक्रार बऱ्याचदा विद्यापीठाविरुद्धच असते. लिफ्ट महिनाभर बंद आहे, प्राध्यापक मंजूर झालेला वेळ देत नाहीत. जोरात बोललं तर वरचे नाराज, गप्प बसलं तर विद्यार्थ्यांचा विश्वास गेला. एकदा तो गेला, की उरते फक्त सोफे मांडलेली एक खोली.

म्हणूनच अशा जागेवर कोण बसतं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. वॉशिंग्टनचं गॅलोडेट विद्यापीठ बधिर विद्यार्थ्यांसाठी १८६४ मध्ये सुरू झालं. पण १९८८ पर्यंत तिथं एकही बधिर अध्यक्ष झाला नव्हता. त्या वर्षी मार्चमध्ये अंतिम यादीत दोन बधिर उमेदवार असूनही ऐकू येणाऱ्या उमेदवाराची निवड झाली आणि विद्यार्थ्यांनी कॅम्पस बंद पाडला. आठवडाभरात निर्णय फिरला. आय. किंग जॉर्डन पहिले बधिर अध्यक्ष झाले.

आपल्याकडं काय?

आपल्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे प्रवेशाचं दार कायद्यानं उघडलंय. पण आत आल्यावर ही मुलं एकमेकांना भेटतात कुठं?

तुमच्या कॉलेजात अशी जागा आहे का? कमेंटमध्ये सांगा. आणि नसेल, तर सुरुवातीला फार काही लागत नाही. रॅम्प असलेली एक खोली, ठरलेली वेळ आणि नावापुढं टक्केवारी न विचारणारा एक माणूस.