लाखात किती?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

आपली बोली आजारांना स्वतःची नावे देते. पक्षाघात झाला, की आपण 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो. अपस्माराला 'फेफरं' म्हणतो. 'मल्टिपल स्क्लेरोसिस'ला मात्र बोलीने अजून नाव दिलेले नाही. डॉक्टर त्याला थोडक्यात 'एमएस' म्हणतात. ज्याला घरात नाव नाही, तो आजार मोजणीतही उशिरा येतो.

विजेच्या तारेवर असते तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच त्या आवरणावर उलटते. मग कधी एका डोळ्याने अंधूक दिसते, कधी पाय बधिर होतो, कधी तोल जातो. काही आठवड्यांनी बरेही वाटू लागते. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसतो. घरातल्या सुनेने 'पायात बळ नाही' म्हटले, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून विषय संपतो.

जगात सुमारे २९ लाख लोकांना हा आजार असावा, असा २०२३ चा अंदाज आहे. युरोप, उत्तर अमेरिकेत तो अधिक, विषुववृत्ताकडे कमी. भारतात तर लाखात जेमतेम एक, असेच पूर्वी मानत. १९८० च्या दशकातला एक अंदाज लाखामागे १.३३ असा होता. पण असे अंदाज मुख्यतः रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेले. जो रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, तो त्यात कुठून येणार?

त्याच काळात डॉ. नोशीर वाडिया, डॉ. नदीर भरुचा यांच्यासारख्या मज्जाविकारतज्ज्ञांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाचा अभ्यास केला. तिथे लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. ऊन तेच, हवा तीच, तरी प्रमाण कितीतरी जास्त. म्हणजे केवळ हवामान नव्हे, आनुवंशिकताही महत्त्वाची. पुढे एमआरआय आला, मेंदूतले व्रण दिसू लागले आणि निदान वाढले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मंगळूरच्या अभ्यासात लाखामागे ८.३५ रुग्ण आढळले.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. जुना दर लावला, तर रुग्ण पन्नासएक. मंगळूरचा लावला, तर सव्वातीनशेच्या आसपास. ही शिरगणती नव्हे, नुसता गुणाकार आहे. पण या दोन आकड्यांत पावणेतीनशे माणसांचे अंतर आहे. ती माणसे असतील, तर आज कुणाच्या दारात उभी आहेत? चष्म्याच्या दुकानात, मालिशवाल्याकडे, की देवऋष्याकडे?

मुंबईत १९८५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत या आजाराचा समावेश केला. कायद्याच्या यादीत नाव आले. घराघरात यायचे आहे. आजार मुळापासून बरा होत नाही. पण औषधांनी झटके कमी करता येतात आणि ती लवकर सुरू झाली, तर अपंगत्व लांबवता येते.

प्रत्येक मुंगी म्हणजे एमएस नव्हे, घाबरू नका. पण तरुण माणसाची नजर अचानक अंधूक झाली, पाय पुन्हा पुन्हा बधिर होऊ लागला, तर मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवा. लाखात एक असो वा आठ, ज्या घरात तो आहे, तिथे तो पुरेपूर असतो.