म्हाताऱ्या इंजिनाला वाफ कशी पेलते?

‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे इंजिन इंग्लंडमधील लीड्स येथे १८५५ साली बांधले गेले. ईस्ट इंडियन रेल्वेची सेवा करून ते १९०९ मध्ये निवृत्त झाले. पुढे पेरांबूरच्या कारखान्यात दुरुस्त होऊन १९९७ साली, म्हणजे ८८ वर्षांनी, ते पुन्हा मुख्य मार्गावर धावले. अशा इंजिनाचा गंज खरवडला, रंग दिला, सांध्यांत तेल घातले की झाले, असे आपल्याला वाटते. चाके, दट्ट्ये, दांडे यांची झीज मोजता येते. ते नव्याने घडवताही येतात. खरी परीक्षा असते बॉयलरची.

वातावरणाच्या दसपट दाबाखाली पाणी १०० नव्हे, १८० अंश सेल्सिअसला उकळते. पत्रा फाटला तर दाब एकदम उतरतो आणि इतके तापलेले पाणी द्रवरूपात राहू शकत नाही. दर किलो पाण्यातील सुमारे दीडशे ग्रॅमची क्षणार्धात वाफ होते व ती अडीचशे लिटर जागा मागते. मोठ्या इंजिनात पाणी असते काही हजार किलो! म्हणून पत्र्याची जाडी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोजतात. फार पातळ झालेला भाग, कितीही ऐतिहासिक असला तरी, बदलावाच लागतो. इतिहासप्रेमींना हे रुचत नाही, पण इंजिन चालवायचे तर इलाज नाही.

दुरुस्त बॉयलर आधी गार पाण्याने तपासतात. आतली हवा काढून तो काठोकाठ भरायचा आणि पंपाने कामाच्या दाबाच्या सुमारे दीडपट दाब द्यायचा. जास्त दाबाने धोका वाढणार नाही का? उत्तर वर्गातच मिळेल. सुई काढलेल्या सिरिंजचे तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या दाबा. आत हवा असेल तर तो दबतो आणि सोडताच उसळतो. पाणी असेल तर जवळजवळ हलतच नाही. न दबणाऱ्या पाण्यात ऊर्जा फारशी साठत नाही. चीर पडली तर थोडे पाणी बाहेर येते, दाबमापकाचा काटा उतरतो, एवढेच.

फायरबॉक्स ही पेटीतली पेटी. मधल्या पाण्यातून आरपार गेलेले शेकडो बोल्ट दोन्ही पेट्यांना धरून ठेवतात. तुटलेला बोल्ट बाहेरून दिसत नाही. म्हणून पुष्कळ इंजिनांत बोल्टच्या टोकाला बारीक भोक पाडलेले असते. बोल्ट तुटला की त्यातून पाणी ठिबकते. इतकी स्वस्त आणि प्रामाणिक सूचना देणारे साधन आम्हाला तरी दुसरे ठाऊक नाही. फायरबॉक्सच्या छतात शिसे भरलेला बूच असतो. छतावरचे पाणी आटून तापमान ३२७ अंशांपुढे गेले की शिसे वितळते आणि वाफ जाळावर सुटते. आपल्या प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह याच जातीचा.

पाण्याची चाचणी उतरल्यावर विस्तव, तोही बेताने. जुन्या इंजिनांत फायरबॉक्स बहुधा तांब्याचा, बाहेरचे कवच पोलादाचे. दोन मीटर तांबे दीडशे अंशांनी तापले तर सुमारे ५ मिलिमीटर वाढते, पोलाद साडेतीनच्या आसपास. घाईने जाळ केला तर हा फरक सांध्यांवर येतो आणि ते गळू लागतात. म्हणून थंड इंजिनाला वाफ धरायला कित्येक तास देतात.