अन्न-अधिहर्षता व शाकाहार

अन्नातील एखाद्या प्रथिनाला अपायकारक समजून शरीराचे प्रतिरक्षा तंत्र (रोगप्रतिकार करणारी यंत्रणा) जी अवाजवी प्रतिक्रिया देते, तिला अन्न-अधिहर्षता किंवा अन्नाची ॲलर्जी म्हणतात. शाकाहार सौम्य असल्याने त्यापासून अशी बाधा होत नाही, असा समज आढळतो; परंतु तो बरोबर नाही. प्रथिन प्राणिज आहे की वनस्पतिज, यावर अधिहर्षता अवलंबून नसते. भुईमूग, तीळ, काजू, अक्रोड, सोयाबीन, गहू व दूध हे शाकाहारातील नेहमीचे पदार्थ तिला कारणीभूत होतात. मांस, मासे व अंडी वर्ज्य असलेल्या व्यक्तीस प्रथिने पुरविणारे पदार्थही हेच असल्याने त्यांपैकी एखादा टाळावा लागला, तर तिचा आहार अपुरा पडण्याचा संभव असतो.

इतिहास : शार्ल रीशे व पॉल पॉर्त्ये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये तीव्रग्राहितेचे म्हणजे ॲनाफिलॅक्सिसचे वर्णन केले, या कार्याबद्दल रीशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये सुचविली. १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्स यांनी, माशांची अधिहर्षता असलेले आपले सहकारी हाइन्‍रिख क्यूस्टनर यांचा रक्तरस स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर तेथे गांधी उठली. त्यावरून या प्रतिक्रियेचे कारण रक्तरसात असते, हे सिद्ध झाले. तो घटक म्हणजे इम्युनोग्लोब्युलीन-ई हे प्रतिपिंड होय, हे १९६० नंतरच्या दशकात उमगले.

यंत्रणा व लक्षणे : प्रथम संपर्कात विशिष्ट प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात व ती ऊतकांतील मास्ट कोशिकांना चिकटून राहतात. तेच प्रथिन पुन्हा शरीरात आल्यास या कोशिकांतून हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे काही मिनिटांपासून सुमारे दोन तासांपर्यंतच्या अवधीत अंगावर गांधी उठणे, ओठ व डोळे सुजणे, ओकारी, पोटदुखी, धाप लागणे ही लक्षणे दिसतात. तीव्रग्राहितेत श्वासमार्ग आकुंचित होतो व रक्तदाब एकाएकी उतरतो; तत्काळ उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो.

दूध पचत नाही, ही तक्रार पुष्कळदा लॅक्टेज एंझाइमाच्या कमतरतेमुळे असते. ती अधिहर्षता नव्हे. अशा व्यक्तीस दही अनेकदा सोसते. दुधातील केसीन किंवा अन्य प्रथिनांची अधिहर्षता असलेल्यास मात्र दही, पनीर व खवाही वर्ज्य ठरतात. गाईच्या दुधाऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे दूध देणेही सुरक्षित नसते, कारण त्यांतील प्रथिने बरीचशी सारखी असतात. गव्हातील ग्लुटेनामुळे होणारा सीलिअक रोग हाही प्रतिरक्षा तंत्राचाच विकार असला, तरी त्याची यंत्रणा निराळी असते.

स्वयंपाकातील स्थान : महाराष्ट्रात शेंगदाण्याचे कूट भाज्या, कोशिंबिरी व आमटी यांत घालतात, उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत तर ते असतेच. तीळ चटणी, मसाले व संक्रांतीचा तिळगूळ यांत, तर काजूचे वाटण रश्श्यांत असते. तयार पदार्थात हे घटक ओळखू येत नाहीत. भाजल्याने शेंगदाण्यातील अधिहर्षक प्रथिने नष्ट होत नाहीत. अत्यंत शुद्ध केलेल्या शेंगतेलात प्रथिनांचा अंश नगण्य असतो. घाण्याच्या तेलात तो राहू शकतो. बाजारातील मिश्र हिंगात गव्हाचे पीठ असण्याचा संभव असल्याने गहू वर्ज्य असणाऱ्याने तेही पाहणे आवश्यक असते. झारा, कढई व तळणीचे तेल सामाईक असल्यास एका पदार्थाचा अंश दुसऱ्यात जातो.

वेष्टनावरील खुणा : भारतातील शाकाहाराची हिरवी खूण दुधाच्या पदार्थांवरही असते, ती अधिहर्षतेविषयी काहीच सांगत नाही. इंग्लंडमध्ये १९४४ मध्ये डॉनल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनी स्थापिलेल्या संस्थेमुळे ‘व्हीगन’ ही संज्ञा रूढ झाली. या आहारात दूध व मधही वर्ज्य असतात. तथापि व्हीगन पदार्थ बनविताना दुधाचा अंश मिसळला नसेलच, अशी हमी त्या शब्दाने मिळत नाही. भारताच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार ग्लुटेनयुक्त तृणधान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, भुईमूग, कठीण कवचाची फळे, सोयाबीन व ठराविक प्रमाणातील सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. तीळ, मोहरी व हरभरा यांचा त्या विनियमांच्या मूळ यादीत समावेश नाही. म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचणे इष्ट असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला.

निदान व उपचार : पूर्वेतिहास, त्वचेवरील टोचणी-चाचणी, रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांचे मापन आणि गरजेनुसार वैद्यकीय देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालून पाहणे, यांवरून निदान करतात. केवळ चाचणीतील प्रतिसाद म्हणजे अधिहर्षता नव्हे. भुईमुगाची अधिहर्षता असलेल्या पुष्कळांना चाचणीत इतर कडधान्यांचाही प्रतिसाद दिसतो; पण त्यांपैकी बहुतेकांना ती खाऊन त्रास होत नाही. अशा वेळी सर्व डाळी बंद केल्यास शाकाहाऱ्याची विनाकारण हानी होते. तीव्रग्राहितेवर ॲड्रेनलीन मांडीच्या बाहेरील स्नायूत टोचणे हाच पहिला उपाय होय. हिस्टामीनरोधी गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

अर्भकांना भुईमूग उशिरा द्यावा, असा सल्ला पूर्वी दिला जाई. ६४० जोखमीच्या अर्भकांवरील व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीने तो चुकीचा ठरविला. भुईमूग टाळलेल्या मुलांपैकी सुमारे १७ टक्के, तर तो नियमित खाल्लेल्यांपैकी सुमारे ३ टक्के मुलांत पाचव्या वर्षी अधिहर्षता आढळली. अर्भकांना अख्खे दाणे मात्र देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात; जोखमीच्या अर्भकांत वैद्यकीय सल्ल्यानेच आरंभ करावा.

पर्यायी आहार : वर्ज्य पदार्थाबरोबर जाणारे पोषकद्रव्य दुसरीकडून मिळविणे हा आहारयोजनेचा गाभा होय. दूध वर्ज्य असल्यास कॅल्शियमासाठी नाचणी उपयुक्त असते. १०० ग्रॅम नाचणीत ते ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते. प्रथिने डाळी व कडधान्यांतून मिळतात. ब-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतिज अन्नातून भरवशाने मिळत नाही. दूधही वर्ज्य असलेल्या शाकाहाऱ्यास ते औषधरूपाने किंवा समृद्ध केलेल्या अन्नातून घ्यावे लागते. एक वर्षाखालील मुलास तांदळाचे, बदामाचे वा अन्य वनस्पतिज पेय मुख्य दूध म्हणून देऊ नये. वाढ खुंटण्याचा धोका असतो. मुलांतील दुधाची अधिहर्षता वयाबरोबर बहुधा नाहीशी होते. त्यामुळे ठराविक काळाने फेरतपासणी करून पथ्य चालू ठेवावे की नाही, हे ठरवितात.