उतारावरची नाचणी नकाशात यायला हवी

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत अन्न कुठे पिकते, हे तालुक्याच्या सरासरीवरून कधीच कळणार नाही. सावित्री, काळ, गांधारी या नद्यांच्या काठी भाताची सखल खाचरे, तर सह्याद्रीच्या उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन. पाऊस एकच, पण खाचराला पुराची भीती आणि वरकशीला माती वाहून जाण्याची. जुलै २०२१मध्ये महाड पाण्याखाली होते, त्याच दिवसांत तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळत होत्या. म्हणून इथला अन्नाचा नकाशा वाडीपर्यंत पोचला पाहिजे. तंत्र तेवढे बारीक झालेही आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत लहान चौकोन १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. हा उपग्रह ढगांपलीकडचे पाहू शकत नाही आणि कोकणात खरीप म्हणजे ढगच. पण सेंटिनेल-१चे रडार ढगांतून आरपार जाते. चिखलणी करून पाणी भरलेले खाचर त्याला काळे दिसते आणि रोप वाढेल तसे उजळत जाते. त्यावरून लावणी कधी झाली, किती खाचरे रिकामी राहिली, हे ताडता येते.

अडचण नेमकी इथेच सुरू होते. नाचणीच्या शेतात पाणी साचवत नाहीत, त्यामुळे रडारला ती ठळक खूण मिळत नाही. तीव्र उतारावर डोंगराच्या आडोशाने रडारचे चित्रही विकृत होते. सेंटिनेल-२च्या साध्या चित्रात ढगांच्या फटींतून जे थोडे दिसते, त्यात नाचणी आणि शेजारचे गवत वेगळे काढणे कठीण. म्हणजे केवळ उपग्रहावर विसंबलो तर हाती भाताचा नकाशा येईल, अन्नाचा नाही. आणि ज्या वाड्यांची भाकरी वरकशीवर अवलंबून आहे, त्याच त्यातून गळतील. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी ही उणीव भरून काढू शकते, कारण तिच्यात पिकाचा फोटो जागेसह नोंदवला जातो. पण नोंद सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या खात्यात होते. इथे सामायिक खाती पुष्कळ, निम्मी नावे मुंबईत आणि कसणारा भलताच. शेतावर कोण राबते, हे नकाशाला गावातच विचारावे लागेल.

रेशनवर धान्य मिळते, मग ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. रेशनचा आधार मोठाच आहे, पण तो मुख्यतः तांदूळ-गव्हाचा. नाचणीतले कॅल्शियम आणि वालातली प्रथिने त्यातून येत नाहीत. वरकस आता पडीकच पडत चालली आहे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मजूर नाहीत, रानडुकरे पीक ठेवत नाहीत, हे खरेच. पण कोणता उतार ओस पडला आणि कोणता अजून कसला जातो, हे कळल्याशिवाय कुंपणाची किंवा बियाण्याची मदत तरी कुठे द्यायची? भातानंतरच्या वालाबाबत काम सोपे आहे: डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते आणि ओलाव्यावर वाढणारा वाल सुकल्या खाचरांत स्वच्छ हिरवा दिसतो. नाचणीसाठी मात्र कणसे भरताना कृषी सहायकाने वाडीतल्या माणसांबरोबर उतार चढावा, तो नकाशा ग्रामसभेत मांडावा आणि लोक सांगतील त्या दुरुस्त्या करूनच तो तालुक्याला पाठवावा.