नवी कार्यप्रणाली : हौस की गरज?

‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्या समाजात फार खोलवर रुजलेली आहे. भांडी, दागिने, ग्रंथ आणि जिवाभावाची माणसे यांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु संगणकाच्या बाबतीत ती जशीच्या तशी लागू पडते काय? नव्या आवृत्तीची सूचना पडद्यावर झळकली की आपण ‘नंतर पाहू’ म्हणून ती बाजूला सारतो. ही नवी आवृत्ती म्हणजे केवळ कंपनीची विक्रीची युक्ती आहे, की तिच्यापासून आपला खरोखरच काही लाभ होतो, याचा कला शाखेच्या विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कार्यप्रणाली, म्हणजे बोलताना आपण जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो, ती नेमके करते काय? कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना हे चटकन कळेल. कालव्याला पाणी सुटले म्हणजे ते आपोआप प्रत्येकाच्या शेतात जात नाही. कोणाची पाळी केव्हा, किती वेळ, कोणत्या चारीचे दार उघडायचे आणि कोणते बंद ठेवायचे, हे पाटकरी पाहतो. संगणकातील प्रोसेसरचा वेळ म्हणजे हे पाणी, आणि आपण उघडलेले निरनिराळे प्रोग्रॅम म्हणजे शेते. एकीकडे निबंध टाइप होत असतो, दुसरीकडे गाणे चालू असते, तिसरीकडे फाइल उतरत असते. या प्रत्येकाला क्षणाक्षणाची पाळी देणारा पाटकरी म्हणजे कार्यप्रणाली. तो दिसत नाही, पण त्याच्यावाचून यंत्र म्हणजे नुसता पत्रा आणि तारा!

आता पाटकरी बदलल्याने काय साधते ते पाहू. विंडोज ९५ आणि ९८ या आवृत्त्यांत एका प्रोग्रॅमची जागा दुसऱ्यापासून वेगळी ठेवणारे बांध होते, पण ते कच्चे होते. एका शेतातले पाणी फुटले की शेजारचे पीकही वाहून जावे, तसा एक प्रोग्रॅम बिघडला की पुष्कळदा सारा संगणकच अडून बसे आणि जतन न केलेले लिखाण जाई. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने घरगुती संगणकांना निराळा, भक्कम पाया दिला. त्यामुळे बिघडलेला एक प्रोग्रॅम बंद करून बाकीचे काम चालू ठेवणे बरेच सोपे झाले. ही सुधारणा रंगरंगोटीची नव्हती, मुळातली होती.

दुसरा लाभ सुरक्षिततेचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. कोणतीही कार्यप्रणाली निर्दोष जन्माला येत नाही. कोट्यवधी ओळींच्या त्या लिखाणात कुठे ना कुठे भोक राहतेच. अशी भोके सापडतील तसतशी ती बुजवणे म्हणजेच अपडेट देणे. परंतु कंपनी हे काम अनंत काळ करत नाही. एक्सपीची ही डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी संगणक बंद पडत नाही, आणि म्हणूनच आपण फसतो. पाटकरी निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आले नाही, तरी पाणी चार दिवस वाहतच राहते. बांधाला पडलेले भोक मात्र आता कोणी बुजवणार नसते. उलट, नव्या आवृत्तीतले एखादे भोक बुजवले की तसेच भोक जुन्या आवृत्तीत कुठे असेल, याचा माग चोराला आयताच मिळतो.

ही भीती काल्पनिक नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो फाइलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णालय संस्थांचे काम विस्कळीत झाले आणि रुग्णांच्या अंदाजे १९ हजार भेटी रद्द कराव्या लागल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या भोकावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने जवळजवळ दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते. तिची मुदत तेव्हा संपलेली नव्हती, पण आलेला अपडेट कोणी बसवलेलाच नव्हता. तेव्हा नवी आवृत्ती घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच आलेला अपडेट वेळेवर बसवणेही महत्त्वाचे आहे.

तिसरा लाभ आपल्या मायबोलीचा आहे आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी तो विसरता कामा नये. पूर्वीच्या संगणकांवर मराठी दिसत असे, पण पुष्कळदा ती खरी मराठी नसे. संगणक आत इंग्रजी अक्षरेच साठवी आणि विशिष्ट फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की सुंदर कवितेच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले होते. पण विंडोजमध्ये त्याची सोय आली ती विंडोज २००० पासून. एक्सपीतही ती सोय मुद्दाम चालू करून घ्यावी लागे. विंडोज व्हिस्टापासून ती मुळातच येऊ लागली. आज आपण मराठीत लिहितो, शोधतो आणि ते जगाच्या दुसऱ्या टोकाला जसेच्या तसे वाचले जाते, याचे बरेचसे श्रेय कार्यप्रणालीच्या या बदलांना आहे. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. ते चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये ते असणे शक्यच नव्हते. तिला ते पुढे अपडेटमधून मिळाले, तर २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते प्रथमपासूनच होते.

येथे कोणी म्हणेल, ‘हे सारे खरे, पण खर्चाचे काय?’ हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरात एकच लॅपटॉप, तोही जुन्या बाजारातून घेतलेला. माझे निबंध, धाकट्या भावाचा आयटीआयचा अर्ज, वडिलांचे सातबाऱ्याचे उतारे आणि पीकविम्याच्या पावत्या, सारे त्याच एका यंत्रात. विंडोज १० ची मुदत संपली तेव्हा मी नव्या कार्यप्रणालीचा विषय काढला. वडील म्हणाले, “चालतंय ना ते? मग कशाला हात लावतेस?” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा तर लागतेच, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसरही लागतो. इंटेलच्या २०१७ पूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांना तिने दारातच उभे केले आहे. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही केवळ वयामुळे बाद! गरिबाच्या घरी हा निकाल कडूच लागतो. कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव डागडुजीची सोय ठेवली, परंतु मुदतवाढ म्हणजे उपाय नव्हे.

मग मार्ग कोणता? ‘नवी कार्यप्रणाली’ म्हणजे ‘त्याच कंपनीची नवी कार्यप्रणाली’ असा अर्थ घ्यायलाच हवा असे नाही. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सवर उभ्या असलेल्या अनेक कार्यप्रणाली विनामूल्य मिळतात, जुन्या यंत्रावरही चालतात आणि त्यांची डागडुजी चालू असते. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने याच पायावर ‘बॉस’ ही कार्यप्रणाली तयार केली आहे, आणि केरळमधील सरकारी शाळांत मुक्त कार्यप्रणालीवर मुले वर्षानुवर्षे शिकत आहेत. आमच्या लॅपटॉपवरही आता लिनक्सच आहे. पहिले आठ दिवस सारे अनोळखी वाटले. पण युनिकोड मराठी तेथेही तशीच उमटते आणि निबंध तसाच लिहिला जातो. फक्त विंडोजसाठीच बनवलेले काही प्रोग्रॅम तेथे चालत नाहीत, हे मात्र मान्य करायला हवे.

विंडोजच्या नव्या आवृत्तीकडे जातानाही अशी अडचण येऊ शकते. जुना प्रिंटर किंवा जुने मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर कधी कधी नव्या आवृत्तीशी जुळत नाही. म्हणून बदल करण्यापूर्वी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, सर्व फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी. दुसरे, आपले यंत्र आणि नित्याचे प्रोग्रॅम नव्या आवृत्तीला चालतात का, हे आधी पाहावे. तिसरे, हे काम परीक्षेच्या किंवा अर्ज भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात मुळीच करू नये. काही जीबीची फाइल उतरवताना मोबाइलचा डेटा संपतो आणि मध्येच वीज गेली तर पंचाईत होते, हे खेड्यातल्या मित्रांना सांगायला नकोच.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांच्या घरी चार संगणक आहेत, त्यांचा एखादा गेला तर फारसे अडत नाही. ज्यांच्या घरी एकच आहे, त्यांचा सारा संसार त्यात असतो. म्हणून नव्या कार्यप्रणालीचा विचार श्रीमंतांपेक्षा आपणच अधिक काळजीने केला पाहिजे. ती दिसते कशी, तिचे नाव काय, शेजाऱ्याकडे कोणती आहे, हे प्रश्न दुय्यम आहेत. आपल्या पाटावर आज कोणी पाटकरी नेमलेला आहे की नाही, हा खरा प्रश्न. असेल, तर यंत्र जुने असले तरी खुशाल वापरावे. नसेल, तर ते कितीही सुरळीत चालत असले तरी पाटकरी बदलावा, आणि तोही भोक पडण्याच्या आधी.